सोमदेवांचा ताम्रपट, हेरासांचा वर्ग

परभणीचं नाव दख्खनच्या प्राचीन इतिहासावरच्या ग्रंथांत एका ताम्रपटामुळे येतं, आणि खुद्द परभणीत त्याची माहिती फार थोड्यांना असते. 'परभणी ताम्रपट' या नावाने ओळखलं जाणारं हे दानपत्र शके 888 चं, म्हणजे इसवी सन 966 चं आहे. देणारा वेमुलवाडच्या चालुक्य घराण्यातला तिसरा अरिकेसरी. घेणारे जैन आचार्य सोमदेवसूरी. अरिकेसरीच्या वडिलांनी, बद्देगाने, 'शुभधाम जिनालय' नावाचं मंदिर बांधलं होतं. त्याची डागडुजी, चुन्याचा नवा हात आणि पूजाअर्चा यांसाठी एका गावाचं उत्पन्न सोमदेवांच्या हाती दिल्याची ही नोंद आहे.

नोंद एवढीच असती तर दहाव्या शतकातल्या शेकडो दानपत्रांत आणखी एकाची भर पडली असती. पण लेख लिहिणाऱ्याने सोमदेवांच्या नावापुढे त्यांची पुस्तकंही सांगितली. एक यशोधराचं चरित्र. तेच 'यशस्तिलक' हे गद्य-पद्य मिसळलेलं चंपूकाव्य, जे त्यांनी शके 881 मध्ये, म्हणजे 959 साली पुरं केलं. दुसरं 'स्याद्वादोपनिषद'. हा दुसरा ग्रंथ आज उपलब्ध नाही. एक आख्खं पुस्तक काळाच्या पोटात गेलं आणि त्याचं नाव परभणीच्या तांब्यावर राहिलं. इतिहास शिकवणाऱ्याला ही ओळ वाचताना आनंद होतो आणि पोटात तुटतंही.

सोमदेवांचं आणखी एक पुस्तक सुदैवाने हाताशी आहे, 'नीतिवाक्यामृत'. लहान लहान सूत्रांत राजनीती सांगणारं. त्यात विद्यांचा एक स्वतंत्र भाग आहे आणि राज्य करणाऱ्याने कोणत्या चार विद्या शिकाव्यात ते तिथे येतं: आन्वीक्षिकी म्हणजे तर्क आणि तत्त्वविचार, त्रयी म्हणजे वेदविद्या, वार्ता म्हणजे शेती-पशुपालन-व्यापार, आणि दंडनीती म्हणजे राज्यकारभार. ही यादी कौटिल्यापासून चालत आलेली. कौटिल्याने तर राजपुत्राच्या दिवसाचा उत्तरार्ध इतिहास ऐकण्यासाठी राखून ठेवला होता, आणि त्याच्या 'इतिहास' या शब्दात पुराणं, घडलेल्या हकिकती, आख्यायिका, उदाहरणं, धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र असं सगळं मावत होतं.

आपण आज ज्याला मानव्यविद्या म्हणतो ती हीच. इतिहास, वाङ्मय, तत्त्वविचार, धर्मविचार वेगवेगळ्या तासांत न तोडता एकत्र शिकवायचे, आणि शिकणाऱ्याला नोकरीआधी शहाणपण यावं अशी इच्छा धरायची. धर्मसंस्थेच्या छायेत राहून हे काम करणारा विद्वान ही आपल्याकडची जुनी ओळखीची आकृती आहे. सोमदेव तसे होते. महानुभाव पंथातले भास्करभट्ट बोरीकर तसे होते. ते आपल्याच जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे, 'शिशुपाळवध' लिहिणारे, पंथात कवीश्वर म्हणून मान मिळालेले.

ख्रिस्ती जगात या आकृतीची स्वतःची मोठी परंपरा आहे आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अमेरिकेत ती नव्याने उभी राहिली आहे. तिथे 'क्लासिकल ख्रिश्चन स्कूल' या नावाच्या शाळा निघाल्या. मूळ प्रेरणा इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 साली ऑक्सफर्डला वाचलेल्या एका निबंधाची. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशी तीन पायऱ्यांची शिकवण होती. सेयर्स यांनी ती मुलांच्या वयाला जुळवून दाखवली. लहान मुलाला पाठांतर आवडतं, तेव्हा पाठ करून घ्या. बारा-तेराव्या वर्षी ते वाद घालू लागतं, तेव्हा नीट वाद घालायला शिकवा. पुढे त्याला स्वतःचं काही म्हणायचं असतं, तेव्हा ते सुंदर म्हणायला शिकवा. 1981 साली आयडाहो राज्यातल्या मॉस्को या गावी अशी पहिली नावाजलेली शाळा सुरू झाली. या शाळांत लॅटिन शिकवतात, आणि इतिहास, अभिजात साहित्य व धर्मविचार यांचा पुष्कळदा एकच जोडतास असतो. विद्यापीठात इतिहासावर संशोधन केलेली तरुण मंडळी तिथे अध्यापक व्हायला उत्सुक असतात, ती याच तासासाठी. होमर वाचताना ग्रीसचा इतिहास सांगायचा, ऑगस्टीन वाचताना रोमच्या पडझडीचा. विषयांच्या भिंती आड येत नाहीत.

पाढे, परवचा, श्लोक पाठ करत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला यातली पहिली पायरी कुणी समजावून सांगायला नको.

या परंपरेचा सगळ्यात बारकाईने आखलेला अभ्यासक्रम जेझुइटांचा, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंचा. त्यांची पहिली मोठी शाळा 1548 साली सिसिलीतल्या मेसिना शहरात निघाली, आणि पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर 1599 साली त्यांनी 'रॅशिओ स्टुडिओरम' हा अध्यापनाचा नियमग्रंथ पक्का केला. त्यात व्याकरणाचे तीन वर्ग, मग 'ह्युमॅनितास' नावाचाच एक वर्ग, मग वक्तृत्वाचा वर्ग. मानव्यविद्या हे त्या शाळांतल्या एका इयत्तेचंच नाव होतं. त्या इयत्तेत सीझर, सॅलस्ट, लिव्ही हे इतिहासकार वाचायचे आणि कवींमध्ये व्हर्जिल. पण व्हर्जिलच्या 'इनिड'चा चौथा सर्ग वगळून, कारण त्यात डायडो राणीची प्रेमकथा आहे. वर्गाचे दोन तट पाडत, एक रोमचा, एक कार्थेजचा, आणि व्याकरणाच्या चुका पकडण्याची लढाई लावत. इतिहासाला मात्र स्वतःची इयत्ता नव्हती. तो भाषेच्या तासाला, पाहुण्यासारखा येई.

ही शाळा आपल्या किनाऱ्यावर फार लवकर आली. गोव्यातलं सेंट पॉल कॉलेज सोळाव्या शतकाच्या मध्याला जेझुइटांच्या हाती आलं, आणि 1556 साली भारतातला पहिला छापखाना तिथेच चालू झाला. अशाच लॅटिन शिक्षणात घडलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 साली गोव्यात उतरला आणि 1616 साली राशोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या. व्हर्जिल शिकलेल्या माणसाने ओवी उचलली, आणि ती परकी वाटू नये इतकी उचलली. गोव्यातल्या त्या काळच्या धर्मसत्तेने पुष्कळ जुलूम केले, देवळं पाडली, पोथ्या जाळल्या, हे खरंच आहे. त्याच काळात हे पुस्तक झालं, हेही तितकंच खरं आहे. इतिहास शिकवणाऱ्याला दोन्ही सांगावी लागतात.

पण मला ज्यांच्याविषयी मनापासून सांगायचं आहे ते त्यानंतर तीनशे वर्षांनी आले. फादर हेन्री हेरास. स्पॅनिशमध्ये एन्रिके. जन्म 11 सप्टेंबर 1888, बार्सिलोना.

मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 साली जर्मन जेझुइटांनी सुरू केलं होतं. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि मुंबईचं मिशन रिकामं पडलं. त्यांच्या जागी स्पेनहून माणसं आली. 1922 च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरलेले चौतिशीतले हेरास त्यांपैकी एक. इतिहास हा त्यांचा विषय.

त्यांच्या रुजू होण्याची एक आठवण सांगितली जाते. प्राचार्यांनी विचारलं, कोणता इतिहास शिकवाल? हेरास म्हणाले, भारताचा. भारताच्या इतिहासातलं तुम्हांला काय येतं? काहीच नाही. मग शिकवाल कसा? त्यावर ते म्हणाले, शिकेन.

मी स्वतः बरीच वर्षं परभणी जिल्ह्यात इतिहास शिकवत आलो आहे, आणि ही आठवण पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. युरोपचा इतिहास त्यांच्या हातचा मळ होता. तो शिकवून त्यांना सुखाने निवृत्त होता आलं असतं, कुणी बोट ठेवलं नसतं. समोरच्या बाकांवर बसलेली मुलं ज्या मातीची, त्या मातीचा इतिहास आपल्याला यायला हवा हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. अध्यापक म्हणून त्यांचं मोठेपण मला इथून सुरू झालेलं दिसतं. पुढची सगळी पुस्तकं त्या एका उत्तराच्या मागून आली.

आणि ती भराभर आली. 1926 साली 'द रायटिंग ऑफ हिस्टरी', इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनपद्धतीचं छोटं पुस्तक. साधन कसं शोधायचं, खरंखोटं कसं पारखायचं, साक्षीदार जवळचा की लांबचा हे कसं ठरवायचं. त्याच वर्षी त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. 1927 साली 'द अराविडू डायनॅस्टी ऑफ विजयनगर'चा पहिला खंड. म्हणजे काहीच येत नाही असं सांगितल्यापासून पाच वर्षांत.

तो विषय त्यांनी कसा निवडला ते पाहण्यासारखं आहे. 1565 च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगर संपलं असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात अराविडू घराण्याने पेनुकोंडा, चंद्रगिरी, वेल्लोर अशा राजधान्या बदलत राज्य पुढे कितीतरी वर्षं ओढलं. त्यातला दुसरा वेंकट याच्या दरबारी सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट पोचले होते, आणि प्रत्येक जेझुइट वरिष्ठांना पत्रं लिही, तसा नियमच होता. दरबारात कोण आलं, कोण रुसलं, राजाने काय विचारलं, दुष्काळ कुठे पडला. ही पत्रं पोर्तुगीज, लॅटिन, इटालियन, स्पॅनिश भाषांत रोम-लिस्बनच्या दप्तरांत पडून होती. हेरासांना ती वाचता येत होती. त्यांनी ती कन्नड, तेलुगू, तमिळ, संस्कृत शिलालेखांशेजारी आणि फारसी तवारिखांशेजारी ठेवली. मिशनऱ्याचं पत्र एक सांगतं, ताम्रपट दुसरं सांगतो, फारसी तवारीखकार फरिश्ता तिसरं. तिघांना एका खोलीत बसवून उलटतपासणी करायची.

परदेशी माणसाला परदेशी साधनं सोपी, त्यात काय विशेष, असं कुणी म्हणेल. पण पुढे 1931 आणि 1933 साली त्यांनी पल्लवांवर लिहिलं. पल्लवांच्या काळात इथे कुठला जेझुइट नव्हता. तिथे केवळ शिलालेख, ताम्रपट, मूर्ती आणि नाणी.

विद्यार्थ्यांनाही त्यांनी हीच वाट दाखवली. जॉर्ज मोराइस यांचं 'कदंब कुल' 1931 साली आलं आणि गोवा-कोकण-कर्नाटकच्या इतिहासाला त्यातून एक पाया मिळाला. फादर जॉन कोरिया-अफोन्सो यांनी जेझुइट पत्रांचं इतिहाससाधन म्हणून मोल तपासणारं पुस्तक 1955 साली लिहिलं. गुरूने वापरलेलं हत्यार शिष्याने तपासून घेतलं, हे मला फार आवडतं.

हेरासांची मोठी ओढ मात्र मोहेंजोदडोची. सिंधू संस्कृतीचा शोध 1924 साली जगाला जाहीर झाला तेव्हा त्यांना भारतात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मुद्रांवरची ती चित्रलिपी त्यांनी पुढे मनावर घेतली आणि आयुष्याची कितीतरी वर्षं तिला दिली. ती भाषा आद्य द्राविडी असावी असं त्यांचं मत. त्यांचा एक धागा अजून टिकून आहे. मुद्रांवर माशाचं चिन्ह वारंवार येतं. द्राविडी भाषांत 'मीन' म्हणजे मासा, आणि त्याच उच्चाराचा 'मीन' म्हणजे तारा. मासा काढून तारा सुचवला असेल तर? पुढे फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी हा विचार बराच लांबवर नेला. पण 1953 साली 'स्टडीज इन प्रोटो-इंडो-मेडिटरेनियन कल्चर' या मोठ्या ग्रंथात हेरासांनी मुद्रामागून मुद्रा वाचून दाखवल्या, ती वाचनं अभ्यासकांनी मान्य केली नाहीत. लिपी आजही न उलगडलेलीच आहे.

याचं मला वाईट वाटतं, पण ते झाकावंसं वाटत नाही. 'साधन जेवढं सांगतं तेवढंच म्हणा' हा धडा त्यांच्याच 1926 च्या पुस्तकाचा. सिंधूच्या काठी त्यांची पावलं त्या धड्याच्या पुढे गेली. तरी माशाचा तारा त्यांच्या हाती लागला तो भाषेवरच्या प्रेमामुळे, व्याकरणापासून सुरू होणाऱ्या त्या जुन्या जेझुइट शिक्षणामुळे.

एक गोष्ट जाता जाता. गोव्याच्या सांतो इस्तेव्ह बेटावर जन्मलेला चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून आला आणि मेरीला लुगडं नेसवून रंगवू लागला. स्वधर्मीयांनाच ते रुचेना. त्याची बाजू घेणाऱ्यांत हेरास होते. ख्रिस्ती कलेने भारतीय रूप घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. इतिहासाचा अध्यापक चित्रांच्या भांडणात का पडला, याचं उत्तर पुन्हा त्या रुजू होण्याच्या दिवसाशी जाऊन मिळतं.

14 डिसेंबर 1955 रोजी मुंबईतच ते गेले. त्यांच्या संशोधन संस्थेला पुढे त्यांचं नाव मिळालं आणि हेरास इन्स्टिट्यूट आजही सेंट झेवियर्सच्या दगडी इमारतीत आहे, त्यांनी जमवलेली नाणी, मूर्ती, हस्तलिखितं आणि पुस्तकं घेऊन. 1964 पासून तिथून 'इंडिका' हे संशोधनपत्र निघू लागलं. 1981 साली टपाल खात्याने हेरासांचं तिकीट काढलं.

हेरास मुंबईत शिकवत होते तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. मुंबईचं कॉलेज दुसऱ्या राज्यातलं. इथल्या पोराला पुढे शिकायचं तर हैदराबादची वाट, उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथे शिक्षण उर्दूतून. आपल्या गावच्या बारवेचा इतिहास मराठीत वाचायला मिळणं दूरच. 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, 1958 ला औरंगाबादला विद्यापीठ आलं, 1994 ला नांदेडला. आता इतिहासाची पदवी परभणीतच मिळते. तरी वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं क्रमाने सांगणारी मुलं धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिरावर किंवा चारठाण्याच्या स्तंभावर दोन वाक्यं बोलताना अडतात. दोष त्यांचा नाही. आम्ही शिक्षकांनी ते आधी शिकून घेतलं नाही.

म्हणून गेली काही वर्षं मी मुलांना घेऊन शिलालेखांचे ठसे घ्यायला जातो. एका खेड्यात, पाराला टेकून एक शिळा उभी आहे. वर चंद्र-सूर्य, खाली पाच-सहा ओळी, शेंदूर आणि तेलाने भरलेल्या. गावातल्या जाणत्यांना आधी विचारायचं, नारळ वाढवायचा, मग कोमट पाणी आणि मऊ ब्रश. अक्षरांतला मळ निघायला तास जातो. ओला कागद शिळेवर अंथरायचा, एकही हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. मग जाड केसांच्या ब्रशने हलके हलके ठोकायचं. कागद अक्षरांच्या खोबणीत उतरतो. घाई केली की फाटतो, आणि पहिला कागद नेहमी फाटतोच. थोडं सुकू द्यायचं, कापडाच्या गोळ्याला काळी शाई लावून वरून टिपत जायचं. सपाट दगडावरचा कागद काळा होत जातो आणि खोदलेली अक्षरं पांढरी उरतात.

मागच्या खेपेला आठवीतली एक मुलगी शाईचा गोळा धरून बसली होती. वाडवडिलांपासून तिच्या घरचा नैवेद्य त्या शिळेला जातो. पहिल्या ओळीच्या डाव्या टोकाला तिने तीन-चारदा टिपलं, थांबली, मान तिरकी करून पाहिलं. शाई लागलेलं बोट कागदापासून वीतभर दूर धरून तिने ते अक्षर हवेत गिरवलं, आणि मोठ्याने वाचलं, "स्व."

मग पुढचं दिसायला लागेपर्यंत ती पुन्हा शाई टिपायला लागली.